अडगळींतील लॅपटॉप आणि घरचें दप्तर

आंबेगांव तालुक्यांतील अवसरी खुर्द येथून एका वाचक-भगिनींचें पत्र आलें आहे. त्यांतील प्रश्न एका घरचा असला, तरी आज तो पुष्कळ घरांत विचारला जात आहे; म्हणून ह्या महिन्याचें सदर त्या पत्राच्या उत्तरास दिलें आहे.

भगिनी लिहितात त्याचा सारांश असा: घरांतील फडताळांत दहा वर्षांपूर्वींचा एक लॅपटॉप, दोन जुने मोबाईल आणि जोडणी बदलतांना मागें राहिलेला एक राउटर, असें सामान पडून आहे. चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत, कन्या परदेशीं आहे. यजमानांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या फोनवर ‘जागा भरली आहे, अधिक जागेसाठीं वर्गणी भरा’ अशी सूचना रोज उमटते. त्या भरलेल्या जागेंत नातवंडांचीं छायाचित्रें आहेत, सातबाऱ्याचे उतारे आणि खरेदीखताच्या प्रती आहेत, आणि तीन वर्षांपूर्वीं निवर्तलेल्या मामंजींनीं म्हटलेला हरिपाठहि आहे. चिरंजीवांचें म्हणणें, जुनें सामान भंगारवाल्यास द्यावें आणि वर्गणी भरून मोकळें व्हावें. भगिनींचा प्रश्न असा कीं, जुन्या लॅपटॉपचा ‘घरचा सर्व्हर’ करून हें सर्व घरांतच ठेवतां येतें असें ऐकिवांत आहे, तें खरें काय. आणि खरें असल्यास, ‘आईला हें जमायचें नाहीं’ असें जें घरांत बोललें जातें, त्यास काय उत्तर द्यावें?

पहिल्या प्रश्नाचें उत्तर ‘खरें आहे’ असेंच आहे. दुसऱ्याचें उत्तरहि अनुकूलच आहे. परंतु त्यास कांहीं अटी आहेत, आणि त्या यंत्राच्या नसून यंत्र सांभाळणाऱ्या माणसाच्या आहेत. त्या अटी हाच ह्या लेखाचा मुख्य विषय होय.

सर्व्हर म्हणजे वाढपी

सर्व्हर हा शब्द कानीं पडला कीं, गारठविलेल्या मोठ्या दालनांत ओळीनें उभीं केलेलीं, लुकलुकत्या दिव्यांचीं कपाटें डोळ्यांपुढें येतात. शब्दाचा अर्थ मात्र अगदीं घरगुती आहे. सर्व्हर म्हणजे वाढपी. पंगतींत बसलेल्यानें मागावें आणि वाढप्यानें आणून वाढावें. कोणाचें पान उपवासाचें आहे, कोणास काय वाढावयाचें नाहीं, हें त्यानें ध्यानांत ठेवावें. आणि पंगत उठेपर्यंत त्यानें स्वतः बसूं नये. संगणकांतील वाढप्याचें काम याहून निराळें नाहीं. घरांतील एक संगणक अहोरात्र चालू ठेवावा, घरच्या वायफायवरील फोनांनीं आणि इतर संगणकांनीं त्याजकडे फोटो, कागद, गाणें मागावें, आणि ज्यास ज्याची परवानगी असेल त्यास तें त्यानें द्यावें, कीं तो घरचा सर्व्हर झाला.

चार-पांच माणसांच्या पंगतीस आचाऱ्यांचा ताफा लागत नाहीं. फोटो साठविणें, मागितलेला कागद काढून देणें, गाणें ऐकविणें ह्या कामांस संगणकाची शक्ति फार थोडी पुरते. दहा वर्षांचा लॅपटॉप आज मंद वाटतो, तो मुख्यतः नव्या प्रणालींच्या आणि जड झालेल्या संकेतस्थळांच्या ओझ्याखालीं. तें ओझें उतरवून, पडदा मिटून, त्याला कोपऱ्यांत बसविलें, तर वाढप्याचें काम तो आणखी कित्येक वर्षें करूं शकतो. शिवाय लॅपटॉपच्या अंगीं एक गुण असा आहे कीं, त्याची शिदोरी त्याच्या पोटांतच असते. बॅटरी धड असेल, तर वीज गेली म्हणून तो तात्काळ बंद पडत नाहीं. आणि खेड्यांतील घरास हा गुण लहान नव्हे.

हा प्रश्न आजच इतक्या घरांत कां निघावा, ह्यासहि कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीचा नित्याचा आधार थांबविला. विंडोज ११ ला हवीं असलेलीं साधनें नसल्यामुळें, चांगले चालणारे असंख्य लॅपटॉप त्या तारखेपासून ‘जुने’ गणले जाऊं लागले. त्यांची एकहि कळ बिघडली नव्हती. बदलला होता तो कारखानदाराचा नियम. त्यापूर्वीं, १ जून २०२१ पासून, गूगल कंपनीनें फोटोंसाठीं असलेली अमर्याद मोफत जागा बंद करून, टपाल, कागद आणि फोटो मिळून दर खात्यास १५ गिगाबाइट अशी मर्यादा घातली. म्हणजे एकीकडे घरचें यंत्र निकामी ठरावयाचें आणि दुसरीकडे परक्याच्या यंत्रांतील जागेचें भाडें द्यावयाचें, अशी स्थिति झाली. भाडें देण्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु आपण भाडेकरू आहों, हें माहीत असलें पाहिजे. भाडें थकलें, खात्याचा परवलीचा शब्द हरवला, किंवा मालकानें नियम बदलले, तर वडिलांचा आवाज कोठें जाऊन मागावयाचा, ह्याचा विचार आधींच केलेला बरा.

कृति उघडी ठेवणारे लोक

जुन्या यंत्रास नवें काम देतां येतें, तें मुक्त सॉफ्टवेअरमुळें. मासिकांत लोणच्याची कृति छापून येते. ती वाचून कोणीहि लोणचें घालावें, मीठ-तिखट आपल्या घराप्रमाणें बदलावें, आणि सुधारलेली कृति शेजारणीस सांगावी. बाजारांतील बरणीबंद लोणच्याची कृति मात्र मालकापाशींच राहते. सॉफ्टवेअरचेंहि तसेंच आहे. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जी चळवळ आरंभिली, तिचा आग्रह असा कीं, कृति सर्वांस वाचावयास, बदलावयास आणि वाटावयास मोकळी असावी. त्यांच्या परवान्यांतील मेख अशी कीं, जो ती कृति सुधारून दुसऱ्यास देईल, त्यानें सुधारलेली कृतिहि उघडी केली पाहिजे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आणि जगभरचे स्वयंसेवक १९९३ पासून जी डेबियन नांवाची प्रणाली चालवीत आले आहेत, ती त्याच गाभ्यावर उभी आहे.

हा परवाना म्हणजे नुसता सद्भावनेचा कागद नव्हे. लिंक्सिस कंपनीच्या एका राउटरमध्यें लिनक्स वापरलें असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां परवान्याच्या अटीप्रमाणें २००३ सालीं तिच्याकडून त्याची कृति प्रसिद्ध झाली. आणि त्या कृतींतूनच ओपनडब्ल्यूआरटी ही प्रणाली निघाली. आज ती नाना कंपन्यांच्या जुन्या राउटरांस नवें आयुष्य देते. भगिनींच्या फडताळांतील राउटरचें नांव तिच्या यादींत असेल, तर माजघरापर्यंत न पोंचणारें वायफाय तेथवर नेण्याचें काम त्याला देतां येईल.

कल्याणच्या तबकड्या

टाकाऊ ठरलेल्या सामानांतून मोठें काम निघाल्याचा दाखला पाहण्यास अवसरीकरांस फार दूर जावयास नको. शेजारच्या जुन्नर तालुक्यांत खोडद येथें जी रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या त्या परिसरांत वावरणाऱ्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ती उभारण्यांत ज्यांचा पुढाकार होता, त्या प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या भारतांतील कार्याचा आरंभ मात्र दुसऱ्यांनीं मोडींत काढावयाच्या ठरविलेल्या तबकड्यांपासून झाला. १९५३ च्या सुमारास ते ऑस्ट्रेलियांत शिकत असतां, सिडनींतील पॉट्स हिल येथील ६ फूट व्यासाच्या ३२ तबकड्यांचें तेथील काम संपत आलें होतें. त्या भारतास द्याव्या, अशी कल्पना स्वरूप यांनीं मांडली, आणि ऑस्ट्रेलियानें त्या भेट म्हणून दिल्या. येथें आल्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेंत त्या कांहीं वर्षें तशाच राहिल्या. पुढें स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले, आणि १९६५ सालीं त्याच तबकड्या कल्याणजवळ उभ्या राहून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी टिपूं लागल्या. त्या कामांत हात बसलेल्या मंडळींनीं पुढें १९७० सालीं उटीची दुर्बीण उभी केली. खोडदची दुर्बीण ही त्याच परंपरेंतील.

ह्या हकीगतीचा बोध नीट पाहावा. तबकड्या सिडनींत, दिल्लींत आणि कल्याणास त्याच होत्या. पहिल्या ठिकाणीं त्या मोडींत निघाल्या, दुसऱ्या ठिकाणीं पडून राहिल्या, तिसऱ्या ठिकाणीं त्यांनीं एका शास्त्राचा ह्या देशांत पाया घातला. फरक तबकड्यांत नव्हता; त्यांची निगा पत्करणाऱ्या माणसांत होता.

खोडद येथेंच दुसराहि एक दाखला आहे. तबकड्यांकडून येणारे संकेत एकत्र करून त्यांवर गणित करण्याचें काम पूर्वीं त्यासाठींच खास घडविलेल्या यंत्रांकडे असे. २०१० च्या सुमारास बाजारांत मिळणाऱ्या सामान्य भागांचे ४८ संगणक लिनक्सवर एकत्र जोडून तेंच काम करून दाखविण्यांत आलें. जी प्रणाली आकाशाचा वेध घेणाऱ्यांस चालते, ती आपल्या घरच्या फोटोंस उणी पडेल, अशी शंका बाळगण्याचें कारण नाहीं.

प्रत्यक्ष कृति

पहिलें काम म्हणजे लॅपटॉपवर आज जें कांहीं असेल तें सर्व बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेणें. कारण नवी प्रणाली बसवितांना जुनें सर्व पुसलें जातें. नंतर यंत्राची परीक्षा करावी. त्यांत चार गिगाबाइट मेमरी असली, म्हणजे एका घराच्या साध्या कामास पुरे. प्रोसेसर ६४ बिटी असावा. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेली डेबियनची तेरावी आवृत्ति ३२ बिटी यंत्रांवर नव्यानें बसवितां येत नाहीं, आणि इतक्या जुन्या यंत्राच्या मागें लागूंहि नये. आंतील फिरती हार्ड डिस्क दहा वर्षांची असेल, तर ती काढून एसएसडी घालावी. एवढा एक खर्च टाळूं नये. जुन्या लॅपटॉपमध्यें दगा देणाऱ्या वस्तु मुख्यतः दोन, फिरती डिस्क आणि बॅटरी.

पेन ड्राइव्हवर डेबियन उतरवून घेऊन ती लॅपटॉपवर बसवावी. बसवितांना डेस्कटॉप म्हणून जो पडद्यावरील सजावटीचा भाग विचारला जातो, तो घेऊं नये. वाढप्यास जरीच्या फेट्याची जरूर नसते. त्यावर फ्रीडमबॉक्स हें सॉफ्टवेअर चढवावें. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनीं २०१० सालीं न्यूयॉर्क येथें केलेल्या आवाहनांतून तें निघालें. लोकांचे खाजगी कागद आणि संभाषणें थोड्या बलाढ्य कंपन्यांच्या ताब्यांत जमा होत आहेत. त्यावर उपाय म्हणून ज्याचा त्याचा लहानसा सर्व्हर ज्याच्या त्याच्या घरीं असावा, असें त्यांचें प्रतिपादन होतें. फ्रीडमबॉक्स डेबियनमध्येंच समाविष्ट आहे. तें बसविण्यापुरत्या एक-दोन आज्ञा काळ्या पडद्यावर लिहाव्या लागतात. पुढचा कारभार दुसऱ्या संगणकावरून, संकेतस्थळ उघडावें तसें एक पान उघडून, करतां येतो. सुरक्षेच्या दुरुस्त्याहि तें आपण होऊन उतरवून घेतें.

लॅपटॉप वायफायवर न ठेवतां तारेनें राउटरला जोडावा, राउटरमध्यें त्याचा पत्ता कायम करून घ्यावा, आणि झांकण मिटल्यावर तो झोपीं जाऊं नये अशी नोंद प्रणालींत करावी. मग एकेक सेवा, आठवड्याला एक ह्या बेतानें, सुरू करावी. सर्व एकाच दिवशीं करावयास गेल्यास, बिघाड झाला तर तो कशानें झाला हें उमगत नाहीं.

आरंभ ‘सांबा’पासून करावा. १९९२ सालीं ऑस्ट्रेलियांत अँड्र्यू ट्रिजेल यांनीं आरंभिलेलें हें सॉफ्टवेअर घरांतील सर्व संगणकांस एक सामाईक कपाट मिळवून देतें. त्यांत यजमानांचा कप्पा, मुलांचा कप्पा, सर्वांचा कप्पा अशी वांटणी करतां येते. दुसरें ‘नेक्स्टक्लाउड’, २०१६ सालीं जर्मनींत निघालेल्या ह्या सॉफ्टवेअरचें फोनवरील ॲप नवे फोटो आपण होऊन घरच्या सर्व्हरवर पोंचवितें, आणि दिनदर्शिका व पत्त्यांची वहीहि ठेवतें. तिसरें ‘किविक्स’. २००३ सालीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया, ज्याचे आज सुमारें लाखभर लेख आहेत, तो किविक्सच्या साहाय्यानें घरच्या डिस्कवर ठेवतां येतो. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या २३ खंडांस घरांत वेगळी जागा करावी लागे. हा नवा कोश पेन ड्राइव्हएवढ्या जागेंत मावतो. पावसाळ्यांत बाहेरची तार तुटून दोन दिवस इंटरनेट आलें नाहीं, तरी घरचें वायफाय चालू असेपर्यंत सुटीस आलेल्या नातवंडांस तो वाचतां येतो.

फडताळांतील जुन्या मोबाईलचाहि सर्व्हर करावा, असें सुचविणारे लोक आहेत. लहान बॅटरी अहोरात्र चार्जरला लावून ठेवणें घरांत हिताचें नसल्यामुळें आम्ही तसें सुचवीत नाहीं. त्यांपैकीं एक मोबाईल देवघराजवळ ठेवून सर्व्हरवरील हरिपाठ ऐकण्यास वापरावा, दुसरा कागदांचे फोटो काढण्यास. जुन्या वस्तूस तिच्या प्रकृतीस झेपेल तेंच काम सांगावें.

पहिल्या वेळीं जाणत्याची सोबत असलेली बरी. अवसरी खुर्द येथें २००९ सालीं सुरू झालेलें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ओळखीच्या एखाद्या विद्यार्थ्याची एक दुपार मागून घेण्यास संकोच वाटूं नये. मात्र त्यास करावयास लावून आपण स्वयंपाकघरांत जाऊं नये. कळ आपल्या हातीं घ्यावी आणि त्यानें शेजारीं बसून सांगावें. तेथून जवळच, शिरूर तालुक्यांतील पाबळ येथें, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनीं १९८३ सालीं स्थापिलेला विज्ञान आश्रम ‘करतां करतां शिकावें’ हेंच सूत्र धरून आजवर चालला आहे. तें सूत्र येथेंहि लागू आहे. पवई येथील आय. आय. टी. च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमांतील लिनक्सवरचे पाठ मराठींतूनहि मिळतात. ते घरबसल्या पाहण्याजोगे आहेत.

खर्चाचा हिशेब

सर्व्हर चोवीस तास चालावयाचा, तेव्हां विजेचा हिशेब आधीं करावा. पडदा मिटलेला लॅपटॉप साधारणतः १० ते २० वॅट वीज घेतो. १५ वॅट धरले, तर दिवसाचे ३६० वॅट-तास आणि तीस दिवसांचे १०.८ युनिट होतात. त्याऐवजीं मेजावरचा जुना मोठा संगणक लावला आणि तो ६० वॅट घेत असला, तर महिन्याचा आंकडा ४३.२ युनिटांवर जातो. वर्षाचा फरक सुमारें ३८९ युनिट. म्हणून जुनें तें स्वस्तच, असें धरून चालूं नये. मोठा संगणक दिवसाकाठीं दोन-तीन तास वापरणाऱ्या शाळेस किंवा वाचनालयास देणें अधिक शहाणपणाचें.

नवी एसएसडी, प्रत ठेवण्याची बाहेरची डिस्क आणि वीज ह्यांची बेरीज केली, तर वर्गणीच्या मानानें पहिल्या एक-दोन वर्षांत फारशी बचत होईलच असें नाहीं. ज्यास केवळ पैसेच वाचवावयाचे आहेत, त्यानें ह्या खटाटोपांत न पडलेलें बरें. येथील लाभ निराळा आहे: घरच्या वस्तूवर घरचा ताबा, चालत्या यंत्राचा सदुपयोग, आणि आपण काय वापरतों ह्याची समज.

जपावयाच्या गोष्टी

बॅटरीवर लक्ष असावें. लॅपटॉपचा तळ फुगीर दिसूं लागला किंवा कळफलकाखालची पट्टी वर उचललेली दिसली, तर बॅटरी फुगली असें समजून यंत्र तात्काळ बंद करावें आणि जाणत्याकडून ती काढून घ्यावी. इन्व्हर्टर असल्यास बॅटरीवांचूनहि काम भागतें. ज्या लॅपटॉपांत तशी सोय असेल, त्यांत चार्ज ८० टक्क्यांवर थांबविण्याची नोंद करावी. त्यानें बॅटरीचें आयुष्य वाढतें. यंत्र बंद कपाटांत, गादीवर किंवा निरांजनाजवळ ठेवूं नये. चारी बाजूंनीं हवा खेळेल अशी फळी द्यावी. वैशाखांत वळवाचे ढग गडगडूं लागले, कीं सर्व्हर रीतसर बंद करून प्लग उपसून ठेवावा.

दुसरी काळजी चोरवाटांची. घरचा सर्व्हर पहिलें वर्षभर घरच्या वायफायपुरताच ठेवावा. राउटरमध्यें बाहेरून आंत येण्याची वाट उघडूं नये. परदेशच्या कन्येस फोटो पाहावयाचे असतील, तर त्यासाठीं वायरगार्डसारखा बंदिस्त मार्ग आहे. परंतु तो जाणत्याकडून आणि मागाहून करून घ्यावा. दार लावावयास शिकण्यापूर्वीं दार उघडूं नये.

जें सामान खरोखरीच निकामी आहे, तें मात्र घरांत सांठवूं नये आणि उघड्या भंगारांतहि देऊं नये. तांब्यासाठीं तारा उघड्यावर जाळल्यानें विषारी धूर होतो. १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आलेल्या नियमांप्रमाणें अशा कचऱ्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां तो नोंदणी असलेल्या संकलकाकडेच द्यावा, आणि देण्यापूर्वीं डिस्क पुसून किंवा काढून घ्यावी.

दप्तर आणि दप्तरदार

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुन्या घराण्यांच्या माळ्यांवरून जे कागद मिळविले, त्यांतून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचे २२ खंड उभे राहिले. आणि १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तें असे कागद जतन करण्याच्या ध्यासानें. जे कागद त्यांच्या हातीं लागले, ते कोणी तरी रुमालांत बांधून ठेवले होते म्हणून. परंतु त्या कागदांत आणि आजच्या फोटोंत एक मोठा भेद आहे. कागद विसरला, तरी वाळवी आणि ओल ह्यांपासून वांचल्यास तो शंभर वर्षांनीं वाचतां येतो. डिस्क विसरली, तर ती दहा वर्षांनीं उघडेल ह्याची शाश्वती नाहीं. जुनें दप्तर दुर्लक्षानेंहि टिकलें. नव्या दप्तरास नित्य दप्तरदार हवा.

म्हणून पहिला नियम: घरचा सर्व्हर ही एकुलती प्रत असूं नये. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, जी महिन्यांतून एकदांच जोडावी आणि पुन्हां कपाटांत ठेवावी. तिसरी पुण्यास चिरंजीवांच्या घरीं, आगीच्या आणि चोरीच्या आवांक्याबाहेर. ह्या तीन प्रती होऊन वर्ष सुरळीत जाईपर्यंत फोनवरील कांहीं पुसूं नये आणि वर्गणीहि बंद करूं नये. चिरंजीवांचें म्हणणें सर्वस्वीं चुकीचें नाहीं; जुन्या यंत्रावर एकाएकीं सर्व भार टाकणें हें शहाणपण नव्हे.

दुसरा नियम: परवलीचा शब्द एकाच डोक्यांत असूं नये. तो कागदावर सुवाच्य लिहून, पाकिटांत घालून, दागिने आणि विम्याचे कागद असतात त्या जागीं ठेवावा. आजकाल पुष्कळ घरांत सर्व किल्ल्या एका तरुण मुलाकडे असतात. तो परगांवीं गेला कीं सर्व्हर मुका होतो. घरांत राहणाऱ्या किमान दोघांस तो बंद कसा करावा, चालू कसा करावा आणि डिस्क कशी जोडावी, एवढें आलेंच पाहिजे.

आणि येथेंच ‘आईला जमायचें नाहीं’ ह्या वाक्याचें उत्तर आहे. सर्व्हर बसविण्यास एक दुपार लागते आणि त्यास हुशारी लागते. ती उसनी मिळते. सर्व्हर सांभाळण्यास वर्षें लागतात आणि त्यास नियमितपणा लागतो. तो उसना मिळत नाहीं. ज्या घरांत डाळीचे डबे उन्हें दाखवून भरले जातात, लोणच्याच्या बरणीचा दादरा वेळच्या वेळीं बदलतो, दुधाचा हिशेब दिनदर्शिकेवर रोज मांडला जातो आणि श्राद्धपक्षाच्या तिथी कोणास विचाराव्या लागत नाहींत, त्या घरांत दप्तरदारीचा गुण कोणाच्या अंगीं आहे, हें सांगावयास नको. आठवड्यास दहा मिनिटें कारभाराचें पान उघडून सर्व ठीक आहे ना तें पाहणें, महिन्यास एकदां प्रत घेणें, एवढाच हा व्यवसाय आहे. कल्याणच्या तबकड्यांस जें हवें होतें, तेंच लॅपटॉपला हवें आहे. जबाबदारी घेणारें एक माणूस.

राहिली वार्षिक परीक्षा. प्रत आहे असें वाटणें आणि प्रत असणें ह्यांत अंतर असतें. तें ऐन प्रसंगीं कळण्यापेक्षां आधीं कळावें. दसऱ्यास आपण गाडीला, शिवणयंत्राला, पाटी-पुस्तकांना फूल वाहतों. त्या दिवशीं सर्व्हरलाहि एक झेंडूचें फूल वाहावें, कपाटांतील डिस्क जोडावी, आणि तिच्यावरून एक जुना फोटो व हरिपाठाचा एक अभंग उघडून पाहावा. फोटो दिसला आणि अभंग ऐकूं आला, म्हणजे पुढील वर्षाची निश्चिंती झाली. न उघडल्यास दुसऱ्या दोन प्रती अजून शाबूत आहेत, तोंच डिस्क बदलून घ्यावी.